कांदा खरेदीच्या पावतीतला बदल कुठे टिपायचा: प्रकल्प नोंदी

मंगळवार, ३ जून २०२५

आजपासून बदल-नोंदीचं काम हातात घेतलं. प्रणाली नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची, कांदा खरेदीची. वर जँगो ५.२ (पायथनमधली वेब-चौकट), खाली पोस्टग्रेस (डेटाबेस). ट्रॅक्टर भुईकाट्यावर येतो, भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल उतरला की रिकाम्या गाडीचं वजन होतं. मग निव्वळ वजन, प्रतवारी, दर, कपाती आणि शेवटी पावती. पावती शेतकऱ्याच्या हातात गेल्यावर तिच्यात जो काही फरक पडेल त्याचा माग राहायला हवा. कोणी केला, केव्हा केला, आधी काय होतं, आता काय आहे आणि का केला, ही पाचही उत्तरं मिळायला हवीत.

काम आत्ताच निघायला कारण आहे. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालची कंपनी असते. कंपनी (लेखे) नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि दोनदा मुदत पुढे गेल्यानंतर १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद झाली पाहिजे आणि ही सोय कोणाला बंद करता येता कामा नये, असं ती सांगते. लेखापरीक्षकाला यावर आपल्या अहवालात लिहावं लागतं. कंपनीचे सीए साहेब म्हणाले, "हिशेबाचं पॅकेज माग ठेवतंच हो. पण त्यात जो आकडा जातो तो तुमच्या खरेदी नोंदीतून येतो. तिथे कोणी आकडा बदलला तर मला ते कुठे दिसणार?" प्रश्न अगदी रास्त आहे.

आत्ता आपल्याकडे आहे तो फक्त ॲडमिन पानावरचा 'इतिहास'. तो पुरेसा नाही. कोणत्या फील्डमध्ये बदल झाला एवढंच तो सांगतो, जुनी-नवी किंमत सांगत नाही. शिवाय ॲडमिन पानातून झालेलाच बदल त्याला कळतो, आणि काट्यावरचा माणूस तर ॲडमिन उघडतही नाही.

गुरुवार, ५ जून

पहिला प्रश्न: जँगोच्या ऑब्जेक्टला आपण बदललो आहोत हे कळतं का? कळत नाही. पावती वाचली, तिचा दर बदलला आणि सेव्ह केलं, तर जँगो सगळ्या रकान्यांसह अपडेट पाठवतो. आधीची किंमत त्याने कुठेच धरून ठेवलेली नसते.

बाकीच्या चौकटी काय करतात हे एकदा नीट मांडून ठेवतो, कारण पुढचे निर्णय याच फरकांवर ठरणार आहेत. जावातलं हायबरनेट ऑब्जेक्ट वाचताना त्याच्या सगळ्या किमतींची एक प्रत बाजूला ठेवतं आणि फ्लशच्या वेळी, म्हणजे बदल डेटाबेसकडे पाठवताना, ताडून पाहतं. डॉटनेटमधलं एंटिटी फ्रेमवर्क कोअरही प्रतच ठेवतं. सेव्ह-चेंजेस म्हटलं की आधी सगळे ऑब्जेक्ट तपासतं, प्रत्येकाची अवस्था ठरवतं (नवा, न बदललेला, बदललेला, काढलेला, सुटलेला) आणि बदललेलेच रकाने पाठवतं. पायथनमधली एसक्यूएल-अल्केमी थेट ॲट्रिब्यूटवर पहारा ठेवते, किंमत घालताक्षणी तिला कळतं. रेल्समध्ये ऑब्जेक्टला 'काय बदललं' असं विचारता येतं आणि तोही बदललेले रकानेच लिहितो. गंमत हायबरनेटची: बदल झालाय हे त्याला ठाऊक असतं, तरी मुळात तो अपडेट सगळ्या रकान्यांचाच पाठवतो. तसं नको असेल तर वेगळं सांगावं लागतं.

जँगोने यातलं काहीच घेतलेलं नाही, पण एक दार उघडं ठेवलंय. मॉडेलचं (टेबलासाठी लिहिलेल्या पायथन क्लासचं) 'फ्रॉम-डीबी' नावाचं क्लास मेथड आहे. डेटाबेसमधून आलेली प्रत्येक ओळ ऑब्जेक्ट होताना तिथून जाते. ते ओव्हरराइड करून आलेल्या किमतींची प्रत ऑब्जेक्टवर टांगून ठेवायची आणि सेव्हच्या वेळी तुलना करायची. जँगोच्या दस्तऐवजातच हा मार्ग दिलेला आहे. दुपारपर्यंत एक मिक्सिन (कोणत्याही मॉडेलला जोडता येणारा छोटा क्लास) लिहून झालं, खरेदी पावतीला लावलं, आणि वजनातला फरक पहिल्यांदा पडद्यावर आला.

शुक्रवार, ६ जून

मिक्सिनला कडेच्या गोष्टींवर घासून पाहिलं. जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण ज्याला हे पुन्हा करायचं असेल त्याचा वेळ इथेच जाईल.

रिफ्रेश-फ्रॉम-डीबी. नाव ऐकून वाटतं की हेही फ्रॉम-डीबीतून जात असेल. जातं, पण आपल्या ऑब्जेक्टसाठी नाही. जँगो आत एक नवा ऑब्जेक्ट वाचतो आणि त्याच्या किमती आपल्या ऑब्जेक्टवर उतरवतो. ताजी प्रत त्या नव्याकडे राहते आणि आपल्याकडे शिळीच. ओव्हरराइड करून प्रतही ताजी करावी लागली. सेव्ह झाल्यानंतरही तेच करायचं, नाहीतर दुसऱ्या सेव्हला पहिलाच बदल पुन्हा नोंदला जातो.

प्रतवारीचा तपशील जेसॉन फील्डमध्ये आहे: मोठा, मध्यम, गोल्टी (लहान), बदला (हलक्या प्रतीचा), प्रत्येकाचं वजन. प्रत ठेवताना तोच डिक्शनरी ऑब्जेक्ट ठेवला तर आतली किंमत बदलल्यावर प्रतही बदलते आणि तुलना 'फरक नाही' म्हणते. डीप-कॉपी लागतेच. एसक्यूएल-अल्केमीलाही अशा आतल्या बदलासाठी वेगळं सांगावं लागतं, म्हणजे ही अडचण एकट्या जँगोची नाही.

फॉर्मला वळसा घालून एपीआयतून आलेलं वजन कधी स्ट्रिंग असतं. ऑब्जेक्टवर "४२.५०" ही अक्षरं आणि प्रतीत ४२.५० हा डेसिमल. दोन्ही एकच वजन, पण तुलनेत वेगळी. दोन्ही बाजू फील्डच्या टू-पायथनमधून काढल्याशिवाय तुलना करायची नाही. डेसिमल एकदा झाला की ४२.५ आणि ४२.५० समान ठरतात, ते बरं.

शेतकऱ्याचा दुवा परकीय कीचा आहे. तिथे नावाने तुलना केली तर जँगो शेतकऱ्याची अख्खी नोंद वाचायला जातो. आयडीच्या रकान्याने करायची. डेफर केलेल्या (ओळ वाचताना मुद्दाम न आणलेल्या) फील्डचंही तसंच. हात लावला की क्वेरी उडते, म्हणून प्रत ठेवताना न आलेली फील्ड वगळायची.

आणि एफ-एक्स्प्रेशन. 'साठा = साठा + ४०' हे डेटाबेसलाच करायला सांगितलं की पायथनकडे नवी किंमत नसतेच, फक्त सूत्र असतं. जँगो ५.२ मध्ये सेव्हनंतरही ते सूत्र ऑब्जेक्टवर चिकटून राहतं आणि पुन्हा सेव्ह केलं तर बेरीज पुन्हा होते. नोंदीत काय लिहायचं? सूत्र लिहून सीए साहेबांना काही कळणार नाही. हा धागा तूर्त मोकळा.

सोमवार, ९ जून

आज मिक्सिनला बगल देणारे रस्ते मोजायला बसलो.

क्वेरीसेटवरचा अपडेट, म्हणजे अनेक ओळींवर एकदम चालणारा, सेव्हला बोलावत नाही, प्री-सेव्ह आणि पोस्ट-सेव्ह सिग्नलही (सेव्हच्या आधी-नंतर जँगो देतो त्या सूचना) देत नाही. बल्क-क्रिएट आणि बल्क-अपडेटही तसेच. आपल्याकडे दिवसाचा दर उशिरा ठरला तर त्या दिवसाच्या सगळ्या पावत्यांना एकाच अपडेटने दर लागतो. म्हणजे ज्या एका कृतीने सगळ्यात जास्त शेतकऱ्यांचे पैसे बदलतात तीच मिक्सिनला दिसत नाही. इथे समाधान मानून पुढे जाता येणार नाही.

मायग्रेशनमध्ये (टेबलांची रचना किंवा डेटा बदलणाऱ्या फाइलमध्ये) रन-पायथनला जे मॉडेल मिळतं ते ऐतिहासिक मॉडेल. त्याला आपले मेथड नसतात आणि सिग्नल लावताना दिलेला सेंडर वेगळा ठरतो. तिथलाही बदल सुटतो.

आणि कोणी पोस्टग्रेसच्या कन्सोलवर जाऊन थेट एक ओळ बदलली तर जँगोला पत्ताही लागत नाही. रात्री काटा बंद पडला, पावती अडली, तर सपोर्टचा माणूस हेच करतो. त्यात वाईट हेतू नसतो. पण ज्या बदलाचा माग सगळ्यात जास्त हवा तो असाच घाईत झालेला बदल असतो.

बुधवार, ११ जून

आजची नोंद या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची ठरेल असं वाटतं.

कालपर्यंत समज असा होता की मिक्सिनला काही बदल दिसत नाहीत, पण जे दिसतात ते खरे दिसतात. आज दोन टॅब उघडून हा प्रयोग केला. पावतीत वजन ४२.५० क्विंटल, दर १,५०० रुपये. काट्यावरच्या पडद्यावर पावती उघडी ठेवली. त्याच वेळी कार्यालयात दुसऱ्या पडद्यावर तीच पावती उघडून दर १,६०० केला आणि सेव्ह केलं. मग काट्यावरच्या पडद्यावर वजन ४१.५० करून सेव्ह केलं.

डेटाबेसमध्ये शेवटी काय राहिलं? वजन ४१.५०, दर १,५००. शंभर रुपयांची वाढ पुसली गेली, कारण काट्यावरच्या ऑब्जेक्टने सगळे रकाने लिहिले आणि त्याच्याकडे दर जुना होता.

आणि मिक्सिनच्या नोंदीत काय आलं? पहिली ओळ: दर १,५०० वरून १,६००. दुसरी ओळ: वजन ४२.५० वरून ४१.५०. एवढंच. दर परत खाली आल्याची नोंद कुठेच नाही. नोंदवही वाचणारा म्हणेल दर १,६०० आहे, आणि शेतकऱ्याच्या खात्यात १,५०० च्या हिशेबाने पैसे जातील. साडेएकेचाळीस क्विंटलवर चार हजार दीडशे रुपये.

ऑब्जेक्ट इथे खोटं बोलत नाही. त्याने वाचलेल्या प्रतीशी स्वतःला ताडलं आणि त्या प्रतीच्या मानाने फक्त वजनच बदललं होतं. बाजार समितीत सकाळी भावाच्या फळ्याचा फोटो काढला आणि दुपारी फळ्यावरचा भाव बदलला, तर फोटोत तो कसा दिसणार? ऑब्जेक्टला ठाऊक असतं ते 'मी वाचल्यापासून माझ्यात काय बदललं'. आपल्याला हवं असतं ते 'पावतीत काय बदललं'. एकच माणूस काम करत असेल तर दोन्ही उत्तरं सारखी येतात. दोन माणसं आली की ती वेगळी होतात. बदलाचा पुरावा म्हणून ऑब्जेक्टची आठवण धरायची नाही, हे आज माझ्यापुरतं पक्कं झालं.

सहकाऱ्याचं म्हणणं पडलं, "अरे, बदललेलेच रकाने पाठव ना. अपडेट-फील्ड्स दे, दर पुसलाच जाणार नाही." बरोबर आहे आणि ते करणारच. त्यात दोन बारीक गोष्टी पाहून घेतल्या. रकान्यांची यादी रिकामी दिली तर सेव्ह पूर्ण वगळला जातो आणि सिग्नलही येत नाहीत. आणि आपोआप भरणारी 'शेवटचा बदल' ही वेळ यादीत नसेल तर ती जुनीच राहते. पण अपडेट-फील्ड्सने दर पुसला जाणं थांबतं, नोंदीचा प्रश्न सुटत नाही. दोघांनीही वजनच बदललं तर? पहिल्याने ४२.५० चं ४१.५० केलं, दुसऱ्याने ४२.५० चं ४२.०० केलं. दुसऱ्याची नोंद म्हणेल '४२.५० वरून ४२.००', प्रत्यक्षात ते ४१.५० वरून ४२.०० झालेलं असतं. दोन ओळी एकामागून एक वाचल्या तर साखळी तुटलेली दिसते आणि मधली दुरुस्ती कोणी झाकली हे सांगता येत नाही.

गुरुवार, १२ जून

निर्णय: जुनी आणि नवी किंमत ट्रिगर (ओळ बदलली की डेटाबेस स्वतःच चालवतो तो कोड) टिपणार, पोस्टग्रेसमध्ये, ओळ जिथे बदलते तिथेच. ट्रिगरच्या हातात 'ओल्ड' (जुनी ओळ) आणि 'न्यू' (नवी ओळ) असतात. 'ओल्ड' असतं ते त्या क्षणी टेबलात खरोखर असलेलं. अपडेट सेव्हमधून आला, क्वेरीसेटमधून आला, मायग्रेशनमधून की कन्सोलवरून, त्याला फरक पडत नाही. एफ-एक्स्प्रेशनचा मोकळा धागाही इथे बांधला जातो, सूत्राचं उत्तर 'न्यू'मध्ये तयार असतं.

पण ट्रिगरला दोन गोष्टी कळत नाहीत: कोणी आणि का. डेटाबेसच्या लेखी सगळे बदल एकाच ॲप-खात्याने केलेले असतात. ही दोन उत्तरं वरून, जँगोकडूनच खाली पोचवावी लागणार.

तयार पॅकेज पाहिली. सिंपल-हिस्टरी प्रत्येक मॉडेलमागे इतिहासाचं वेगळं टेबल बनवतं आणि दोन आवृत्त्यांतला फरक काढून देतं. वापरायला फार सोपं, पण भिस्त सिग्नलवर. बल्क अपडेटसाठी त्याचं वेगळं फंक्शन आठवणीने वापरावं लागतं. ऑडिटलॉग बदल जेसॉनमध्ये ठेवतं, रिव्हर्जन अख्खी आवृत्ती सीरियलाइझ करून ठेवतं. पीजीहिस्टरी मात्र ट्रिगरवर चालतं आणि आपल्या विचाराच्या सगळ्यात जवळ आहे. त्यातून कल्पना घेतल्या, पण ट्रिगर हाताने लिहायचं ठरवलं, कारण कारणाशिवाय आलेला बदल आपल्याला ट्रिगरमध्येच नाकारायचा आहे.

सोमवार, १६ जून

ट्रिगर लिहिला. इन्सर्ट, अपडेट, डिलीट तिन्हीनंतर, प्रत्येक ओळीसाठी. ओल्ड आणि न्यू दोन्ही जेसॉनबी (पोस्टग्रेसचा जेसॉन प्रकार) करायचे, किल्ल्या (रकान्यांची नावं) जुळवायच्या आणि 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम'ने जिथे फरक आहे तेवढ्याच किल्ल्या जुन्या-नव्या जोडीने ठेवायच्या. साध्या 'बरोबर नाही' चिन्हाने नलची तुलना फसते. रिकामा दर भरला गेला तर तो बदल सुटला असता. 'शेवटचा बदल' हा रकाना तुलनेतून वगळला, नाहीतर काहीच न बदलता दाबलेल्या सेव्हचीही नोंद होते आणि खरी नोंद गर्दीत हरवते.

प्रत्येक नोंदीत ट्रान्झॅक्शनचा (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाचा) क्रमांकही ठेवला. पावतीचं वजन बदललं की हमाली, तोलाई या कपातीच्या ओळीही बदलतात आणि त्या वेगळ्या टेबलात आहेत. एका दुरुस्तीचे सगळे तुकडे या क्रमांकाने एकत्र बांधले जातात.

मंगळवार, १७ जून

'कोणी' खाली पोचवण्याचं काम. पोस्टग्रेसमध्ये सेट-कॉन्फिगने स्वतःच्या नावाचं एक सेटिंग घालता येतं आणि ट्रिगर ते वाचू शकतो. सेटिंग 'फक्त या ट्रान्झॅक्शनपुरतं' ठेवायचं. कनेक्शन पुन्हा वापरली जातात, सेटिंग सेशनभर राहिलं तर एका माणसाचं नाव दुसऱ्याच्या बदलावर चिकटेल. माग नसण्यापेक्षा चुकीचा माग अधिक घातक.

मिडलवेअरमध्ये (विनंती व्ह्यूपर्यंत, म्हणजे तिला उत्तर देणाऱ्या कोडपर्यंत, जाण्याआधीच्या थरात) नाव सेट करून पाहिलं तर नोंदीत नाव रिकामं. ॲटॉमिक-रिक्वेस्ट्स चालू असलं तरी ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळला जातो तो फक्त व्ह्यू, मिडलवेअर बाहेर राहतं. बाहेर ऑटोकमिट असतो, म्हणून 'ट्रान्झॅक्शनपुरतं' सेटिंग त्या एका ओळीबरोबरच संपतं. म्हणून 'दुरुस्ती' नावाचा एक कॉन्टेक्स्ट मॅनेजर केला. तो ॲटॉमिक, म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, उघडतो, वापरकर्ता आणि कारण सेट करतो, आणि मग आतलं काम होतं. पावतीला हात लावायचा तो याच्या आतूनच. सेलरीच्या (पार्श्वभूमीत चालणाऱ्या) कामांना वेब-विनंती नसते, तिथे कामाचं नाव आणि ते कोणी सुरू केलं त्याचा आयडी दोन्ही द्यायचे.

अजून एक खाच, सहज दिसणारी नाही. सेटिंग कधीच न घातलेल्या कनेक्शनवर ते वाचलं तर नल मिळतं. एकदा घालून ट्रान्झॅक्शन संपलं की त्याच कनेक्शनवर नलऐवजी रिकामी स्ट्रिंग मिळते. ट्रिगरमध्ये तिचा आकडा करायला गेलं की एरर. विकासाच्या यंत्रावर ताज्या कनेक्शनमुळे हे दिसत नाही, सर्व्हरवर टिकून राहणाऱ्या कनेक्शनमुळे दिसतं. नलइफ लावून दोन्ही एकच मानले.

शुक्रवार, २० जून

'बंद करता येता कामा नये' हा नियमाचा भाग. आज पूर्ण दिवस अधिकारांवर.

ट्रिगर बंद करायला टेबलाची मालकी लागते. आपलं ॲप आणि मायग्रेशन एकाच खात्याने चालत होते, म्हणजे ॲपच टेबलाचं मालक. ते तोडलं. मालक-खातं वेगळं, फक्त मायग्रेशनसाठी. ॲप-खात्याला पावतीच्या टेबलावर वाचणं, घालणं आणि बदलणं. नोंदीच्या टेबलावर फक्त वाचणं. मग नोंद लिहिते कोण? ट्रिगरचं फंक्शन 'सिक्युरिटी डिफायनर' केलं, ते मालकाच्या अधिकाराने चालतं. त्याचा सर्च-पाथ बांधून टाकला, तो मोकळा ठेवणं धोक्याचं.

अशा फंक्शनच्या आत 'करंट-यूझर' विचारला तर मालकाचं नाव येतं. खरं लॉगिन 'सेशन-यूझर'मध्ये असतं, म्हणून नोंदीत तेच ठेवलं. आता कन्सोलवरून कोणी स्वतःच्या खात्याने ओळ बदलली तर त्याचं खातं नोंदीत येतं.

ट्रंकेट ओळींच्या ट्रिगरला दिसत नाही, अख्खं टेबल एका फटक्यात रिकामं होतं. तो अधिकार ॲप-खात्याला दिलेलाच नाही. आधी ट्रंकेट अडवणारा वेगळा ट्रिगर लावायचा विचार होता, पण जँगोचा ट्रान्झॅक्शन-टेस्टकेस प्रत्येक चाचणीनंतर टेबलं ट्रंकेटनेच साफ करतो आणि चाचण्याच अडतात. अडथळा अधिकारात ठेवणंच बरं.

सुपरयूझर हे सगळं ओलांडू शकतो, ते खरं आहे. ते खातं कंपनीच्या कोणाही रोजच्या माणसाकडे नसेल आणि नोंदीची रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी जाईल, असं सीए साहेबांशी बोलून ठरवलं.

सोमवार, २३ जून

चाचण्या. नेहमीचा टेस्टकेस प्रत्येक चाचणी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो, त्यामुळे वेगवेगळ्या दुरुस्त्यांना एकच क्रमांक मिळतो. एकत्र बांधण्याच्या चाचण्या ट्रान्झॅक्शन-टेस्टकेसमध्ये हलवल्या. ११ तारखेचा दोन पडद्यांचा प्रसंग जसाच्या तसा चाचणी म्हणून लिहिला. पावतीला आवृत्ती क्रमांक दिला. अपडेटच्या अटीत वाचलेली आवृत्ती घालायची, एकही ओळ बदलली नाही तर 'ही पावती मधल्या काळात बदलली आहे' असं सांगून नवी पावती समोर ठेवायची. हा अपडेट क्वेरीसेटचा आहे, सिग्नल येत नाहीत, आणि आता त्याची चिंता उरलेली नाही.

गुरुवार, २६ जून

कंपनीत जाऊन नोंदीचं पान दाखवलं. हिशेबनीस ताईंनी दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाल्या, "दादा, हे मला कळतंय. पण उद्या शेतकरी खिडकीवर आला की मी त्याला हे दाखवू शकेन का? त्याला निव्वळ वजन कमी दिसतं, ते कशामुळे ते लगेच दिसलं पाहिजे."

त्यांचं ऐकून पानाची मांडणी उलटी केली. वर एक वाक्य: 'निव्वळ वजन ४२.५० ऐवजी ४१.५० क्विंटल. कारण: रिकाम्या गाडीचं वजन दुसऱ्यांदा घेतलं.' खाली भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं दोन्ही वेळचं वजन, कपातीतला फरक, रकमेतला फरक, आणि शेवटी कोणी, केव्हा. एका ट्रान्झॅक्शनमधले सगळे तुकडे एकाच चौकटीत. ज्याचा माल आहे त्याला वाचता येत नसेल तर ही नोंद फक्त लेखापरीक्षकाची सोय झाली असती, आणि मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

कारणाच्या रकान्यावर बराच वेळ चर्चा झाली. मोकळी जागा ठेवली तर लोक टिंब टाकून पुढे जातात. ताईंनीच नेहमीची कारणं सांगितली: रिकाम्या गाडीचं वजन पुन्हा, प्रतवारी पुन्हा, दर उशिरा ठरला, शेतकऱ्याचं खातं चुकीचं निवडलं. ती यादीत घातली, 'इतर' निवडलं तर लिहिणं सक्तीचं. छापलेल्या पावतीत ॲप-खात्याने कारणाशिवाय केलेला बदल ट्रिगर नाकारतो.

वाचताना एक तपशील निघाला. जेसॉनमधला ४१.५० पायथनमध्ये फ्लोट होऊन ४१.५ येतो. वजन आणि पैसा फ्लोटमध्ये नको, म्हणून जेसॉन फील्डला डेसिमल देणारा डीकोडर लावला.

सोमवार, ३० जून

कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, मागही तेवढा ठेवायचा. नोंदीच्या टेबलाचं आर्थिक वर्षाप्रमाणे पार्टिशन केलं, म्हणजे तुकडे पाडले. सीमा लिहिताना +०५:३० स्पष्ट दिलं. डेटाबेस यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, चालतो. १ एप्रिलला पहाटे एक वाजता केलेली दुरुस्ती यूटीसीत ३१ मार्चची संध्याकाळ साडेसात असते. सीमा यूटीसीत आखली असती तर ती मागच्या आर्थिक वर्षात पडली असती.

गुरुवार, ३ जुलै

काल रात्री चालू केलं. सकाळी पहिली खरी दुरुस्ती आली, गोल्टीचं वजन मध्यममध्ये गेलं होतं. पान नीट उमटलं, ताईंनी शेतकऱ्याला दाखवलं.

पुढच्या मायग्रेशनसाठी लिहून ठेवतो: रकान्याचं नाव बदललं तर जुन्या नोंदीत जुनीच किल्ली राहणार. जुन्या नोंदीला हात लावायचा नाही. वाचणाऱ्या बाजूला जुन्या-नव्या नावांची जोडी ठेवायची आणि ती जोडी दिल्याशिवाय नाव बदलणारं मायग्रेशन मंजूर करायचं नाही.

आता चाळीतल्या साठ्याचा विषय. कांदा चाळीत ठेवला की वाळतो, काही सडतो, वजन घटतं. सध्याच्या रचनेत साठ्याच्या ओळीतलं वजन थेट कमी केलं जातं. त्या टेबलालाही हाच ट्रिगर लावा, अशी मागणी आली आहे. मला हे पटत नाही. पावतीतली दुरुस्ती म्हणजे लिहिलेलं चुकलं होतं ते नीट केलं. घट म्हणजे काल लिहिलेलं कालच्यासाठी बरोबरच होतं, आज माल खरोखर कमी झाला. दोन्ही एकाच प्रकारच्या नोंदीत गेल्या तर वर्षाअखेरीस किती कांदा वाळला आणि किती आकडे चुकले हे वेगळं काढता येणार नाही. घट, सड आणि विक्री यांच्या स्वतंत्र ओळी घालायच्या, साठा त्यांच्या बेरजेतून काढायचा, आणि ट्रिगर या ओळींवर लावायचा तो त्यांच्यातल्या दुरुस्तीसाठी. सोमवारी टेबलाची रचना काढून ताईंबरोबर बसायचं आहे.